खोगीर, तंग आणि घोड्याची पाठ

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द शिवीच्या जवळ जाऊन बसला आहे. समितीत निरुपयोगी माणसे घेतली की खोगीरभरती. पुस्तकाची पाने वाढवण्यासाठी मजकूर घातला की खोगीरभरती. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या एका पुस्तकालाच हे नाव दिले आणि शब्दातली थट्टा घरोघर पोचली. मात्र ज्या वस्तूवरून हा शब्द आला ती खोगीर नावाची वस्तू, तिच्यात भरायची ती भरती आणि ती भरणारा हात यांचा विचार आपण क्वचितच करतो. खोगिरात काय भरले आहे आणि ते कसे भरले आहे यावर एके काळी घोड्याची पाठ अवलंबून होती. पाठीवर स्वार, स्वारावर त्याचे घर आणि अशा हजारो स्वारांवर एक राज्य उभे होते. म्हणून या बदनाम शब्दाची बाजू ऐकून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मी धुळ्याचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरची वर्षे याच गावात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शब्दाच्या मुळाशी गेले की इतिहास हाती लागतो, ही राजवाड्यांची खोड धुळ्यातल्या अभ्यासकांना थोडीफार लागतेच. दुसरीकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार आम्हाला लहानपणापासून ठाऊक. सारंगखेडे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. दप्तरातले शब्द आणि बाजारातल्या वस्तू एकमेकांशेजारी ठेवून पाहायचे, एवढीच या लेखाची रीत आहे.

शब्द कुठून आले

घोड्याच्या सामानाची मराठी नावे नुसती उच्चारून पाहावीत: जीन, खोगीर, चारजामा, लगाम, रिकीब, तंग, दुमची, पेशबंद, तोबरा, खरारा, नाल. यातले बहुतेक शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने अरबी-तुर्कीतून आले. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली निघाला. असा कोश हाती घेतला की घोड्याच्या अंगावर फारसी किती पसरली आहे ते दिसते.

'खोगीर' हा शब्द मोठा बोलका आहे. फारसीत 'खू' किंवा 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारे. 'बारगीर' मधला 'गीर' तोच. 'बार' म्हणजे ओझे. तेव्हा मुळात खोगीर ही बसण्याची बैठक नव्हती. घोड्याचे अंग आणि वरची बैठक यांच्यामध्ये घालायची ती घडी होती. पुढे मराठी मुलखात त्या घडीवरच स्वार बसू लागला आणि अस्तराचे नाव बैठकीला मिळाले. एका शब्दाच्या अर्थाने केलेल्या या प्रवासात मराठी घोडदळाच्या साधेपणाचा अर्धा इतिहास येऊन जातो.

'दुमची' मध्ये 'दुम' म्हणजे शेपूट. खोगीर पुढे मानेकडे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला हा पट्टा. 'पेशबंद' छातीवरून जातो आणि चढावर खोगीर मागे घसरू देत नाही. संकट येण्याआधी 'पेशबंदी' करणारे आपण सगळे त्याच शब्दकुळातले. पोटाखालचा पट्टा 'तंग'. घोडा खुंट्याला बांधताना पुढच्या पायांची दोरी ती 'आगाडी' आणि मागच्यांची ती 'पिछाडी'. आज आघाडी आणि पिछाडी हे शब्द निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सर्वाधिक ऐकू येतात. तोंडात पानाचा तोबरा भरणाऱ्यालाही तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, हे आठवण्याचे कारण उरलेले नाही.

फारसीपूर्वी आपल्याकडे शब्द नव्हते असे नाही. संस्कृतात खोगिराला 'पर्याण' किंवा 'पल्याण' आणि लगामाच्या तोंडातल्या कडीला 'खलीन'. पल्याणापासून मराठीत 'पालाण' आले आणि घोडा 'पालाणणे' हे क्रियापदही. गंमत अशी की 'खलीन' हा शब्दही ग्रीकांकडून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारी कारभारात त्यातले काही चाललेही. पण लगाम आणि रिकीब मात्र तशीच राहिली. रोज पहाटे अंधारात ज्या वस्तूला हात घालायचा तिचे नाव कोणाच्या आज्ञेने बदलत नाही.

लेण्यांपासून मानसोल्लासापर्यंत

रिकीब ही आपल्याला घोड्याइतकीच जुनी वाटते, पण ती पुष्कळ उशिरा आली. सांचीच्या आणि आपल्या भाजे लेण्याच्या शिल्पांत स्वाराच्या पायाशी एक दोरीवजा फासा दिसतो. अनवाणी पायाचा अंगठा अडकवण्यापुरता तो फासा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. उष्ण देशात अनवाणी बसणाऱ्या स्वाराला तेवढे पुरे होते. जोडे घालणाऱ्या थंड प्रदेशांत पूर्ण पाऊल मावणारी धातूची रिकीब लागली. चौथ्या शतकात ती चीनमध्ये दिसते आणि तिथून मध्य आशियाच्या घोडेस्वारांबरोबर पश्चिमेला आणि पुढे दक्षिणेला सरकते. खानदेशच्या दक्षिण सीमेवरच्या अजिंठ्यात १७ व्या क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाच्या कथेचे भव्य चित्र आहे. त्यातले घोडे आणि हत्ती पाहायला लोक लांबून येतात. घोड्यांचे लगाम आणि साज चित्रकाराने किती आस्थेने रंगवले आहेत, तेही एकदा थांबून पाहण्यासारखे आहे.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात घोड्यांचा खेळ, घोड्यांची पारख आणि त्यांचा साज यांची वर्णने येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या वर्णनांवर आणि रिकिबीच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिले. गोडे यांनी तंबाखू आणि जिलेबीपासून रिकिबीपर्यंत अशा वस्तूंची जन्मपत्रिका मांडली. वस्तूचा इतिहास राजाच्या इतिहासाएवढाच गंभीरपणे लिहिता येतो, हे त्यांनी फार आधी दाखवून दिले.

खानदेशात फारुकी घराण्याने १३८२ पासून राज्य केले. त्यांचे पहिले ठाणे तापीकाठचे थाळनेर, आजच्या धुळे जिल्ह्यातले. १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोठी वाट नवापूर, नंदुरबार अशी याच मुलखातून जाई. त्या वाटेवरून माल जाई, सैन्य जाई आणि घोडेही जात. मोगली जिनाची घडण वेगळी होती. आत लाकडी सांगाडा, वर गादी, त्यावर मखमल किंवा कातडे, पुढे-मागे उंच कठडे. 'ऐन-इ-अकबरी'त शाही तबेल्यातल्या घोड्यांच्या सामानाची तपशीलवार मोजदाद आहे. अशा जिनात चिलखत घातलेला स्वार खुर्चीत बसल्यासारखा घट्ट बसे. घोडाही मोठा लागे आणि मागून सामानाचे लटांबरही चाले.

तोबऱ्यातल्या मेखा

याच्या अगदी उलट चित्र मराठी स्वाराचे आहे आणि ते शब्दशः चित्रच आहे. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात एक आख्यायिका नोंदवली आहे. बाजीराव पेशवे दिसतात तरी कसे, हे पाहण्यासाठी विरुद्ध पक्षाने चित्रकार धाडला. त्याने काढून आणलेल्या चित्रात बाजीराव साध्या स्वाराच्या वेषात आहेत. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडला आहे, भाला खांद्यावर आहे आणि दोन्ही हातांनी कणसे चोळून दाणे खात ते चालले आहेत. आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आणि मेखा तोबऱ्यात भरलेल्या आहेत.

आख्यायिका खरी की रचलेली हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातला तोबऱ्याचा तपशील घोड्याशी राबलेल्या माणसालाच सुचेल असा आहे. दाण्याची पिशवी रिकामी झाली की तीच दोरखंडांची पिशवी. मुक्कामाला मेखा ठोकायच्या, दोऱ्या बांधायच्या, तोबऱ्यात दाणे घालायचे आणि खोगीर उतरवून उशाला घ्यायचे. एक वस्तू दोन-तीन कामे करते आणि सामान वाहायला वेगळा बैल लागत नाही. लगाम सैल आहे, म्हणजे घोडा तोंडाने ओढून चालवावा लागत नाही. तो स्वाराच्या मांडीने आणि बैठकीने चालतो. मऊ खोगिरावर मांडीचा इशारा घोड्याच्या अंगाला सरळ पोचतो. लाकडी चौकटीच्या जिनात तो अर्धा अडतो.

हे चित्र खानदेशाला परके नाही. निजामाविरुद्धच्या मोहिमेत बाजीराव खानदेशातून गुजरातेत उतरले आणि परत फिरले. १७२८ च्या फेब्रुवारीत त्यांचा मुक्काम बेटावदला होता. हे बेटावद म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले. तिथून सुमारे दोन आठवड्यांत त्यांनी वैजापूरजवळ पालखेडला निजामाला गाठून कोंडले. निजामाच्या तोफा आणि अवजड सरंजाम मागे पडला होता. पालखेडची लढाई म्हणजे बिनीच्या घोडदळाची चपळाई, असे आपण शिकतो. ती चपळाई अंगी यायला घोडा हलका हवा, त्यावरचे ओझे हलके हवे आणि महिनोन्महिने त्याची पाठ शाबूत राहायला हवी. तिसरी अट इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित येते.

पाठ का लागते

पाठ लागणे म्हणजे खोगिराच्या दाबाने आणि घर्षणाने घोड्याच्या पाठीला जखम होणे. हे कसे घडते ते समजले की खोगिराची सारी विद्या समजते.

घोड्याच्या पाठीच्या मधोमध कणा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मांसल पट्टे. ओझे या दोन पट्ट्यांवर पडले पाहिजे, कण्यावर नव्हे. मान संपून पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. काठेवाडी किंवा मारवाडी घोड्यात तो बराच उठावदार असतो, तर गुबगुबीत तट्टात तो जवळजवळ लपलेला. खोगीर या उंचवट्याला टेकले की तिथली कातडी हाड आणि भरणे यांच्यात चेपते, रक्त पोचत नाही आणि आतून मांस मरू लागते. वरून दिसते ती फक्त थोडी सूज. दोन दिवसांनी कातडी फाटते तेव्हा आतली जखम खोल गेलेली असते. अशी पाठ भरून यायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस घोडा बसवायचा नसतो. मोहिमेत आठवडे थांबायला कोणाला सवड होती?

लाकडी चौकटीचे जीन बरोबर मापाचे असेल तर कणा मोकळा राहतो आणि वजन दोन्ही अंगांवर पसरते. चुकीच्या मापाचे असेल तर तीच ताठ चौकट दोन-चार ठिकाणी खिळ्यासारखी रुतते. घोडा मोहिमेत रोडावतो, तेव्हा जे जीन दसऱ्याला नेमके बसत होते ते होळीला बसत नाही. मऊ खोगिराचे उलट आहे. ते कोणत्याही घोड्यावर बरे बसते आणि घोडा रोडावला तरी त्याच्याशी जुळवून घेते. पण त्याला कणा मोकळा ठेवणारी चौकट नसते. मधली वाट फक्त दोन्ही बाजूंच्या भरावाने राखायची असते. भराव दबला, त्याच्या गाठी झाल्या किंवा घामाने तो कडक झाला की ती वाट बुजते आणि स्वाराचे सारे वजन कण्यावर येते.

म्हणून खोगीर पुन्हापुन्हा उसवून भरावे लागे. कापूस, लोकर, जुन्या कापडाच्या चिंध्या, जे मिळेल ते. पण भरायचे ते नीट पिंजून, दोन्ही बाजूंना सारखे आणि मधली वाट सोडून. चिंध्या भरल्या म्हणून खोगीर वाईट होत नाही. चिंध्यांचे बोळे भरले म्हणून वाईट होते. आपण भाषेत 'खोगीरभरती' म्हणतो ती ही दुसरी, आळशाची भरती. पहिल्या, कसबी भरतीला भाषेने नावच ठेवले नाही. चांगले भरलेले खोगीर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याखालच्या पाठीला काही होत नाही.

घोडा कोणाचा, खोगीर कोणाचे

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची सोय राज्याने माणूस नेमून केली होती. पावसाळ्यात पागा आपल्या मुलखात छावणीला येई. दाणा, गवत आणि औषधे आधीच साठवलेली असत. दसऱ्याला लष्कर बाहेर पडे ते आठ महिने परमुलखात. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद होई.

चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, म्हणून आपण ते उद्धृत करतो. त्या पत्राचा मोठा भाग मात्र घोड्यांच्या चाऱ्याविषयी आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्या मरणाचे धनी तुम्हीच. गवताच्या गंजीजवळ आगट्या नकोत. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. ज्या राजाचे लक्ष उंदराने ओढून नेलेल्या वातीपर्यंत जाते, त्याच्या पागेत खोगिराच्या भरतीची चौकशी होत नसेल, असे मला वाटत नाही.

बारगीराचा घोडा आणि सामान सरकारचे. शिलेदाराचे दोन्ही स्वतःचे. हा फरक नुसता हिशेबाचा नाही. बारगीराचा घोडा मेला तर दुसरा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची नोकरी, मान आणि बहुधा घरची जमीनही धोक्यात येई. एकच घोडा घेऊन आलेला तो 'एकांडा शिलेदार'. आज हा शब्द आपण बाणेदारपणासाठी वापरतो, पण त्या एका घोड्याच्या पाठीवर त्याचा सारा संसार होता. मराठी घोडदळ शत्रूच्या पायदळावर सरळ का आदळत नाही, हा परक्या निरीक्षकांचा आवडता प्रश्न. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक या मालकीत आहे. स्वतःचा घोडा संगिनीच्या रांगेवर घालणे म्हणजे स्वतःचे घर पेटवणे. आणि जो घोडा मारू द्यायचा नाही, त्याची पाठही लागू द्यायची नाही. शिलेदाराला खोगीर उसवून भरण्याची अक्कल कोणी शिकवावी लागत नसे.

इंग्रजांनी ही पद्धत उचलली. त्यांच्या हिंदी घोडदळातल्या अनेक पलटणी 'सिलेदारी' पद्धतीवर चालत. स्वार घोडा आणि सामानासाठी स्वतःची रक्कम भरी आणि पलटणीत आपली 'आसामी' मिळवी. १८१७ साली पुण्यात उभे राहिलेले पूना हॉर्स हे त्या काळचे प्रसिद्ध नाव. पहिल्या महायुद्धात दूरदेशी इतके घोडे आणि इतके सामान एकाएका स्वाराने पुरवणे अशक्य ठरले आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

इंग्रजांकडे शास्त्र नव्हते असेही नाही. फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याने १८९१ साली खोगिरे आणि लागलेल्या पाठी या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झाले आणि त्यात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. गोळीने मेले त्याहून कितीतरी जास्त उपासमारीने, थकव्याने, रोगाने आणि अवाच्या सवा ओझ्याने मेले. पुस्तक कपाटात होते. घोडा सरकारचा होता आणि स्वार पगारी होता. चिपळूणच्या पत्रातली काळजी दोनशे वर्षांनंतरच्या साम्राज्यालाही जड गेली.

जीनगर कुठे गेले

'जीनगर' म्हणजे जीन करणारा. महाराष्ट्रात या नावाचा समाज आहे आणि त्याचा इतिहास पालटलेल्या काळाची साक्ष देतो. १८१८ साली पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला आपले ठाणे केले. पागा मोडल्या. सरदारांच्या दारचे घोडे कमी झाले आणि जिनाला गिऱ्हाईक उरले नाही. जीनगरांच्या हातात कातडे, कापड, धातू आणि रंग या चारही गोष्टींचे कसब होते, कारण चांगल्या जिनाला या चारही गोष्टी लागतात. त्या कसबावर ते मूर्तिकाम, चित्रकाम, पितळेचे काम, पुस्तकबांधणी अशा वाटांनी पांगले. आपल्या ग्रंथालयांतल्या जुन्या पोथ्या-पुस्तकांच्या बांधणीत एखादा टाका जिनाच्या टाक्याचा वंशज असेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

१८६० च्या दशकात आगगाडी खानदेशातून गेली आणि लांबचा प्रवास घोड्यावरून उतरला. जवळचा प्रवास टांग्याने आणखी काही पिढ्या चालवला. पुढे मोटार आली. कातडी साजाचा मोठा धंदा कानपूरला गेला. तिथे सरकारने लष्करासाठी खोगीर-साजाचा कारखाना उभारला होता. आज कानपूरच्या या मालाला भौगोलिक मानांकन आहे आणि तो परदेशी जातो. आपल्या बाजारात मिळणारी 'इंग्लिश' जिने पुष्कळदा तिथलीच असतात.

सारंगखेड्याची पाठशाळा

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि घोडेबाजार त्यानंतरही दिवसचे दिवस चालतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, गावठी तट्टे, सगळे येतात. गिऱ्हाईक कपाळावरचा आणि छातीवरचा भोवरा पाहतो, देवमण आहे का विचारतो, पंचकल्याणी आहे का ते पाहतो, रेवाल चाल काढून दाखवायला सांगतो. घोड्याच्या दुकानांशेजारी सामानाची दुकाने असतात. तिथे घुंगरांच्या माळा, रंगीत गोंडे, लगाम, रिकिबी, चाबूक, झुली आणि रांगेने टांगलेली खोगिरे.

बहुतेक गिऱ्हाईक खोगीर रंगावरून घेतात. एका दुकानाशी मी उभा असताना एका तरुणाने लाल मखमलीचे खोगीर निवडले. दुकानदार वयस्कर होता. पैसे घेण्याआधी तो म्हणाला, "भाऊ, पह्यले घोडानी पाठ दखा, मंग खोगीर दखा." आणि तो स्वतः उठून घोड्याजवळ गेला. त्याने पुढे जे केले ते मी जमेल तसे टिपून घेतले, कारण ते मला कोणत्याही मराठी पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

आधी त्याने मानेच्या मुळाशी उंचवट्यावरून तळहात फिरवला. तिथे काळ्या केसांत रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके होते. "हे जन्माचे नाहीत," तो म्हणाला. खोगिराने मेलेल्या कातडीवर केस पांढरे उगवतात. घोड्याच्या पाठीवर मागच्या मालकाची अशी सही राहते. मग त्याने नुसते खोगीर, खाली कापड न घालता, उंचवट्याच्या थोडे पुढे ठेवून मागे सरकवले, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहीत. उंचवटा आणि खोगीर यांच्यामध्ये त्याने उभी बोटे घालून पाहिली. दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत आणि माणूस बसल्यावरही गेली पाहिजेत. मागून वाकून त्याने मधली वाट पाहिली: शेपटीकडून मानेकडे उजेड दिसतो का? लाल मखमलीत उजेड दिसला नाही.

दुसरे खोगीर साधे, खाकी कापडाचे होते. त्यात उजेड दिसला. तंग त्याने पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटे सोडून आवळला आणि थांबला. घोडा तंग आवळताना पोट फुगवून घेतो. चार पावले चालवली की श्वास सोडतो आणि तंग ढिला पडतो; तेव्हा दुसऱ्यांदा आवळायचा. आवळून झाल्यावर पुढचा पाय उचलून पुढे ताणायचा, म्हणजे तंगाखाली सापडलेली कातडीची घडी सुटते. दुमचीत मनगट सहज फिरले पाहिजे. लगामाची कडी तोंडाच्या कोपऱ्याला नुसती टेकली पाहिजे. ओढून हसवायचे नाही. रिकीब बुटापेक्षा बोटभर रुंद हवी, नाहीतर पडलेला स्वार पाय अडकून फरफटत जातो. "आणि तासभर फिरून आल्यावर खोगीर काढून बघ," त्याने सांगितले. सगळी पाठ सारखी ओली असेल तर खोगीर बरोबर. मधे कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतो आहे. तिथला घाम बाहेर येऊ शकलेला नाही.

फारसीत खोगीर म्हणजे घाम टिपणारे. या दुकानदाराने फारसी वाचलेली नव्हती. पण घाम कसा टिपला जातो यावरून खोगीर जोखायचे, ही कसोटी मूळ शब्दातच होती आणि ती त्याच्यापर्यंत शब्दकोशाच्या वाटेने आलेली नव्हती.

तरुणाने शेवटी कोणते खोगीर घेतले ते पाहायला मी थांबलो नाही. लग्नसराई तोंडावर होती. नवरदेवाच्या घोड्याला लाल मखमल शोभते, हेही खरे आहे. वरातीत घोडा दोन-तीन तास उभा असतो, चालतो, ताशावर नाचतो. मिरवणूक छोटी असते, पण लागोपाठ तिथी असल्या की महिन्यात तोच घोडा किती वरातींत उभा राहतो, याचा विचार वऱ्हाडी करत नाहीत. पूर्वी मोहिमेने पाठ लागे, आता मिरवणुकीने लागते. कारण बदलले, पाठ तीच आहे.

भीमथडीच्या तट्टांना अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. मराठ्यांचे घोडे म्हणून ज्यांचे नाव इतिहासात येते, त्यांची उरलीसुरली पैदास टिकावी म्हणून हे चांगलेच झाले. घोड्याची जात कागदावर टिकवता येते. त्याच्या पाठीवर खोगीर कसे बसवायचे ही विद्या मात्र हातातून हातातच जाते आणि एका पिढीत हात सुटला की ती पुन्हा सापडत नाही. संग्रहालयांत सरदारांची जडावाची जिने काचेमागे आहेत. एकांड्या शिलेदाराचे चिंध्या भरलेले खोगीर कोणी जपून ठेवलेले नाही. ते वापरून, उसवून, पुन्हा भरून शेवटी फाटून संपले. ज्या वस्तूने आपले काम पुरे केले तिचा हाच शेवट असतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सभेत कोणाला 'खोगीरभरती' म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. चांगल्या भरतीला जागा सोडायची कुठे हे ठाऊक असते. ती दोन्ही बाजूंना सारखी असते, दबली की उसवून पुन्हा पिंजली जाते आणि तिच्यामुळे खालच्या कण्यावर कोणाचे ओझे पडत नाही. आपल्या पुष्कळ समित्यांना एवढे जमले तरी खूप झाले.